मीटर कुणाच्या नावावर?

वीज आणि गॅसवर गरिबांना मदत मिळते, हे आपण सगळेच ऐकून असतो. पण ही मदत माणसाला मिळते की त्याच्या नावावरच्या मीटरला? आपल्याच शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसांबरोबर बसून बिलाचा हिशेब केला, तर भलतंच चित्र दिसतं...

शुक्रवारची दुपार. ऑफिसचं कँटीन. डेडलाइन संपल्यामुळे सगळे जाम खुशीत. मी टेबलवर एक प्रश्न टाकला, "विजेवर सवलत कोण घेतं रे?"

उत्तरं धडाधड आली. "शेतकरी!" "झोपडपट्टीवाले." "दिल्लीवाले, अजून कोण!" एकाने तर "आपण सोडून सगळे" असं म्हणून टाळीसुद्धा मिळवली.

हा टाळीवाला मुलगा बाणेरला वन बीएचकेमध्ये एकटा राहतो. सकाळी नऊला बाहेर, रात्री नऊला आत. शनिवार-रविवार ट्रेक किंवा गावी. मी म्हटलं, "अ‍ॅप उघड. बिल दाखव." बिल निघालं ८४ युनिटचं.

"अभिनंदन," मी म्हटलं. "सवलत तू घेतोयस."

त्याला खरंच वाटेना. तुम्हालाही वाटणार नाही. म्हणून आधी थोडा हिशेब करू. घाबरू नका, एक्सेल शीट लागणार नाही!

पायऱ्यांचा फंडा

महावितरणचं घरगुती वीजबिल जिन्यासारखं असतं. पहिली पायरी १०० युनिटपर्यंत, दुसरी ३०० पर्यंत, तिसरी ५०० पर्यंत आणि त्यापुढे चौथी. जितकं वर चढाल तितका दर जास्त. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या पायरीवर युनिटला साधारण पावणेपाच रुपये होते, दुसरीवर सव्वादहा आणि तिसरीवर साडेचौदा. त्यात प्रत्येक युनिटमागे सव्वा रुपयाच्या आसपास वहन आकार, महिन्याचा ठरलेला स्थिर आकार आणि या सगळ्याच्या वर १६ टक्के वीज शुल्क. आकडे दर काही काळाने बदलतात, जिना तोच राहतो. मुंबईत कंपन्या वेगळ्या आणि दर वेगळे, पण जिना तिथेही आहेच.

पहिल्या पायरीचा दर वीज पुरवण्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी ठेवलेला असतो. ती तूट कारखाने, दुकानं, ऑफिसं आणि जास्त वीज वापरणारी घरं भरून काढतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. सरकारने तिजोरीतून वेगळी सवलत द्यायची ठरवली, तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तो पैसा सरकारने वीज कंपनीला आगाऊ द्यायचा असतो.

या जिन्यामागचा विचार सरळ आहे. गरीब माणूस वीज कमी वापरतो, म्हणून कमी वापराला दर कमी. ऐकायला एकदम लॉजिकल!

पण मीटरला काय कळतं? त्याला फक्त युनिट दिसतात. बाणेरच्या बंद फ्लॅटमध्ये ८४ युनिट पडले की मीटर म्हणतं, हा गरीब. आणि एका मीटरवर पाच कुटुंबांनी मिळून ३५० युनिट वापरले की तेच मीटर म्हणतं, हा श्रीमंत.

पाच कुटुंबं आणि एक मीटर ही कल्पना नाही. मी ती खोल्यांची रांग बघून आले आहे.

पाच खोल्या, एक मीटर

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी काळेवाडीत राहतात. एका रांगेत पाच खोल्या, वर पत्रा, पुढे कॉमन नळ. मावशींची खोली शेवटची. दहा बाय बाराची, पण लख्ख. फळीवर घासून ओळीत लावलेली भांडी, कोपऱ्यात शेगडी आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. नवरा रंगकाम करतो, मुलगी नववीत आहे.

"वीजबिल दाखवता का मावशी?" मी विचारलं.

त्या हसल्या. "बिल कुठलं ताई? बिल मालकाकडं येतं. आमच्याकडं सबमीटर." दाराच्या वर एक काळा डबा होता. महिन्याच्या शेवटी मालक येऊन आकडा वहीत लिहून घेतो आणि १२ रुपये युनिटने पैसे घेतो. मागच्या महिन्यात ७० युनिट पडले. ८४० रुपये.

मला वाटलं, सापडला खलनायक! पहिल्या पायरीवर वहन आकार धरून सहा रुपयांच्या आसपास दर, आणि हा माणूस सरळ बारा घेतो? मग मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि माझा खलनायक हातातून निसटला.

तुम्हीही करून बघा. पाच खोल्या, प्रत्येकी ७० युनिट. एकूण ३५०. पहिले १०० युनिट सहाने, म्हणजे ६०० रुपये. पुढचे २०० साडेअकराने, २३०० रुपये. उरलेले ५० पावणेसोळाने, ७८७ रुपये. स्थिर आकार साधारण १३०. बेरीज ३८०० च्या वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लावलं की बिल जातं ४४०० च्या पुढे. आणि मालक पाच खोल्यांतून गोळा करतो ४२००!

म्हणजे वरचे दोनशे त्याच्याच खिशातून. सगळेच मालक असे असतात असं नाही. कुठे १४ घेतात, कुठे १५, आणि तिथे धंदा चालतो हे उघड आहे. पण मालकाने एक पैसाही नफा घेतला नाही, तरी मावशींचा युनिट महागच पडतो. कारण जिन्यावर पाच जण एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत.

आता समजा प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर असतं. ७० युनिट सहाने म्हणजे ४२०. स्थिर आकार प्रत्येकाला वेगळा भरावा लागेल, तो १३०. शुल्कासकट सुमारे ६४० रुपये. आज मावशी देतात ८४०. महिन्याला २०० रुपयांचा फरक, वर्षाला २४००. जवळजवळ तीन सिलिंडरचे पैसे.

मग स्वतंत्र मीटर का नाही? मी मालकांनाही विचारलं. गृहस्थ सरळ बोलले. "खोल्यांची मंजुरी नाही. घरपट्टी एकाच नावावर. आणि खरं सांगू का मॅडम, भाडेकरूच्या नावावर मीटर गेलं की तो उठायचं नाव घेत नाही, असं सगळे म्हणतात." भीती खरी असो-नसो, निर्णय तिथेच होतो.

जाता जाता अजून एक गोष्ट. मावशींकडे फ्रिज नाही, कूलर नाही. तरी ७० युनिट कसे? उत्तर डोक्यावर आहे. पत्रा! एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली भट्टी होते. पंखा वीस-वीस तास बंद करताच येत नाही. साधा ७५ वॅटचा पंखा वीस तास फिरला की दीड युनिट गेलं. आपल्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये रात्री खिडकी उघडली की काम भागतं. गरीब घर कमी वीज वापरतं, हे गृहीतक पत्र्याखाली घामाघूम होतं.

तीस युनिटांत काय बसतं?

दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी महावितरणकडे आणखी स्वस्त वेगळा गट आहे. त्याचं मूळ २००६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात आहे. महिन्याला ३० युनिटच्या आसपास वापरणाऱ्या गरीब घरांना खास दर द्यावा, असं ते धोरण म्हणतं. आपल्याकडची अट अशी : मंजूर भार पाव किलोवॉटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात वापर ३६० युनिटपर्यंत.

महिन्याला ३० युनिट म्हणजे दिवसाला एक युनिट. त्यात काय बसतं? एक पंखा आठ तास. दोन एलईडी दिवे संध्याकाळभर. छोटा टीव्ही चार तास. मोबाइलचं चार्जिंग. संपलं! फ्रिज आला की तुम्ही त्या गटाच्या बाहेर गेलातच म्हणून समजा. आणि पाव किलोवॉट म्हणजे २५० वॅट. घरातला साधा मिक्सर ५०० वॅटचा असतो. चटणी वाटायला मिक्सर लावला, तर मंजूर भाराच्या दुप्पट भार त्या दोन मिनिटांत होतो.

तुलनेसाठी एक आकडा देते, मग तुम्ही ठरवा. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास खातो. म्हणजे त्या घराचा दिवसाचा कोटा तुमच्या बेडरूममध्ये चाळीस मिनिटांत संपतो.

गावाकडच्या एका दिव्याच्या घरासाठी ही योजना ठीकच होती. पण शहरातलं गरीब घर आता एका दिव्याचं राहिलेलं नाही. मुलीचा अभ्यास मोबाइलवर आहे, पंखा गरज आहे आणि मिक्सर नसेल तर पहाटे साडेचारला उठून चार घरच्या कामाला निघणाऱ्या बाईने पाट्यावर वाटण वाटत बसायचं का? मावशींचं वर्षाचं गणित ८४० युनिटचं. त्या गरीब आहेत, पण त्या गटात बसत नाहीत. आणि मुळात मीटरच त्यांच्या नावावर नाही, तेव्हा प्रश्नच मिटला!

आधी ८५० काढा, मग ३०० मिळतील

विजेनंतर गॅस. इथे तर आपल्या आईबाबांचाही सहभाग आहे. आठवतं? मार्च २०१५ मध्ये 'गिव्ह इट अप' मोहीम सुरू झाली. परवडत असेल तर गॅसची सबसिडी सोडा, तिच्यातून गरीब घरात शेगडी पेटेल, असं ते आवाहन होतं. वर्षभरात एक कोटीहून जास्त ग्राहकांनी सबसिडी सोडली आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. आमच्या बाबांनी एसएमएस करून आठवडाभर सोसायटीत सगळ्यांना सांगितलं होतं.

मग १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर गॅसजोडणी, डिपॉझिट सरकारचं. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीवी जोडणी आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. २०२१ मध्ये दुसरा टप्पा आला, त्यात पहिलं सिलिंडर आणि शेगडीही मोफत. २०२५ च्या मध्यापर्यंत जोडण्या १० कोटींच्या वर गेल्या. एवढं काम एवढ्या वेळात झालं, याला सलामच करायला हवा.

पण शेगडी देणं वेगळं आणि ती रोज पेटणं वेगळं.

उज्ज्वलाच्या ग्राहकांना मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये मिळू लागले, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे ३०० झाले. २०२५-२६ साठी वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत ही मदत मंजूर झाली. आणि हे घर वर्षाला खरोखर किती सिलिंडर घेतं? २०१९-२० मध्ये सरासरी तीनच्या आसपास, २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास. वाढ आहे, पण नऊची परवानगी असून निम्मीच वापरली जाते. का?

कारण मदत नंतर येते. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबई-पुण्यात सिलिंडर साडेआठशेच्या वर गेलं होतं. टाकी दारात आली की आधी ते सगळे पैसे मोजायचे. ३०० रुपये मागाहून बँकेत येणार. तुमच्या-माझ्या दृष्टीने हा कॅशबॅक. पण ज्या घरात पैसे रोजच्या रोज येतात, तिथे २५ तारखेला एकरकमी साडेआठशे कुठून काढणार? मग टाकी संपली की आठवडाभर 'बघू' चालतं. गावात चूल असते, सरपण असतं. शहरात तेही नाही.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली. उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेतल्या महिलांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत. पण मोफत म्हणजे तेच, आधी भरा, मग खात्यात घ्या. सिलिंडरची सरासरी किंमत ८३० धरून उज्ज्वलाच्या ग्राहकाला केंद्राच्या ३०० वर राज्याचे ५३०, आणि लाडक्या बहिणीला पूर्ण ८३०. अट एक : गॅसजोडणी बाईच्या नावावर हवी.

मावशींची जोडणी लग्नानंतरची, नवऱ्याच्या नावावर. घरात जोडणी आहे म्हणून उज्ज्वलात बसत नाहीत. साधी सबसिडी २०२० च्या मध्यापासून जवळपास शून्यावर आली. अन्नपूर्णासाठी नाव बदलायला हवं होतं. "दोन दिवस खाडे झाले, ताई. एक एजन्सीत, एक बँकेत," त्या म्हणाल्या. दोन खाड्यांचे पैसे चार घरांपैकी दोन घरांनी कापले. नंतर दोन टाक्यांचे पैसे खात्यात आले तेव्हा मावशींनी पेढे नाही वाटले, पण मुलीच्या गाइडचे पैसे त्यातूनच गेले.

वॉचमनदादांची टाकी लातूरला

आमच्या सोसायटीतले वॉचमनदादा लातूर जिल्ह्यातले. आईच्या नावावर उज्ज्वलाची टाकी आहे. कुठे? गावाला. दादा, त्यांची बायको आणि दोन वर्षांचं बाळ पुण्यात एका खोलीत.

"मग इथं स्वयंपाक कशावर?"

"छोटी टाकी हाय की. कोपऱ्यावर भरून मिळती. किलोला एकशेधा."

पुन्हा कॅल्क्युलेटर! साडेआठशेचं १४.२ किलोचं सिलिंडर म्हणजे किलोला ६० रुपये. उज्ज्वलाचे ३०० वजा केले तर ३९. आणि दादा देतात ११०. म्हणजे सोसायटीतल्या बाराव्या मजल्यावरचा माणूस गॅसला जो भाव देतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट भाव गेटवरचा माणूस देतो. शिवाय असा सुटा गॅस भरणं बेकायदा आणि धोक्याचं. टाकी जुनाट, वॉशर झिजलेला, आणि खोलीत खिडकी एकच.

गावाकडे आई काय करते? टाकी जपून वापरते. पाहुणे आले की गॅस, एरवी चूल. त्यामुळे कागदावर हे कुटुंब लाभार्थी आहे, पण गावाला धूर आहे आणि पुण्यात ११० रुपये किलो आहे.

गंमत म्हणजे यावर नियमात उत्तर आहे. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात पोटासाठी दुसऱ्या गावी आलेल्यांसाठी खास सोय केली गेली. राहत्या पत्त्याचा पुरावा किंवा रेशनकार्ड नसेल, तर स्वयंघोषणा चालते. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी २५ लाख जोडण्यांना मंजुरीही मिळाली. दादांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मलाही हा लेख लिहायला घेईपर्यंत कुठे माहीत होतं!

दुसरा कायदेशीर मार्ग म्हणजे कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर, इंडियन ऑइलचा 'छोटू' त्यातलाच. नुसतं ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्यावर सबसिडी नाही आणि किलोचा भाव मोठ्या घरगुती सिलिंडरपेक्षा जास्तच पडतो. पण निदान टाकी सीलबंद आणि वजन पक्कं असतं.

बाकीच्यांनी काय केलं?

दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंत वीज मोफत झाली. लगेच हाच प्रश्न तिथेही उभा राहिला. घरमालकाचं बिल शून्य आणि सबमीटरवरचा भाडेकरू युनिटमागे पैसे मोजतोय! म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची योजना आली. भाडेकरार किंवा भाड्याची पावती पुरे, मालकाचं ना-हरकत पत्र नको.

कर्नाटकात जुलै २०२३ पासून 'गृहज्योती' आली. तिथेही २०० युनिटची मर्यादा, पण एक हुशारी केली. तुमच्या आधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर दहा टक्के, एवढंच मोफत. त्यामुळे उगाच वीज उधळायला वाव कमी. आणि भाडेकरूंना पहिल्यापासून सामील करून घेतलं. आधार क्रमांक वीजखात्याशी जोडायचा, घर बदललं की जुनं सोडून नव्याशी जोडायचा. मदत माणसाबरोबर घर बदलते. आपल्या बेंगळुरूच्या मित्रमैत्रिणींना विचारा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरवाल्यांनी ती घेतली. गरजूंपर्यंतच मदत जावी, हा मुद्दा तिथेही सुटलेला नाही. पण मीटर मालकाचं म्हणून माणूस बाद, हे तरी टळलं. अर्थात ज्या खोलीला फक्त सबमीटर आहे, तिला वीजखातंच नाही. ती कर्नाटकातही बाहेरच राहते.

महाराष्ट्राने दुसरी वाट धरली आहे, सौरऊर्जेची. केंद्राच्या २०२४ च्या 'सूर्यघर' योजनेत छपरावर पॅनल बसवायला किलोवॉटला ३० हजार मिळतात. त्यात भर घालणारी राज्याची योजना २०२५ मध्ये मंजूर झाली, दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापरणाऱ्या घरांसाठी. एक किलोवॉटला दारिद्र्यरेषेखालच्या घराने साधारण अडीच हजार घालायचे, बाकी सरकारचे. खरंच चांगली योजना आहे. पण त्यासाठी छप्पर स्वतःचं लागतं. मावशींचा पत्रा मालकाचा.

वीज, गॅस, सौर, तिन्हीकडे पैसा आहे, इच्छाही आहे. पण दाराशी एकच प्रश्न विचारला जातो : नावावर काय आहे? मीटर, जोडणी, छप्पर, करार. शहरात येऊन आपली घरं चालवणाऱ्या माणसांकडे नेमकं तेच नसतं.

मावशींच्या मालकांबरोबर हा सगळा हिशेब मी कागदावर मांडला. पाच मीटर झाली, तर त्यांचे वरचे दोनशे वाचतात आणि महिन्याच्या शेवटी वही घेऊन फिरायची कटकट मिटते. ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "आधी दोन खोल्यांचं करून बघू." घरपट्टीची पावती आणि भाडेकरार जोडून दोन अर्ज गेले आहेत. त्यात मावशींचा नंबर दुसरा आहे.

चौकट : तुमच्या हातात काय आहे?

मीटरचा अर्ज : २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही वीज मागू शकतो. २०२४ मध्ये बदललेल्या ग्राहक हक्क नियमांत पूर्ण अर्ज मिळाल्यावर महानगरात ३ दिवस, इतर शहरी भागात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत आहे. ऑनलाइन फॉर्म भरायला तुम्हाला वीस मिनिटं लागतील. मावशींचा पूर्ण दिवस जाईल.

भाडेकरार : तुमची खोली किंवा फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर करार कागदावर करा. शक्य असेल तिथे वेगळं मीटर घ्या. ते शक्य नसेल, तर सबमीटरचा दर मूळ बिल दाखवून ठरवा. बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करायला काय जातं?

पैसे आले नाहीत? थेट जमा होणारी मदत आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते. पुष्कळदा पैसे आलेले असतात, पण विसरलेल्या खात्यात. कोणतं खातं जोडलंय, हे आधारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत कळतं. एजन्सीत भांडायला जाण्याआधी ते बघून द्या.

केवायसी : उज्ज्वलाच्या ग्राहकांना आर्थिक वर्षातून एकदा आधार पडताळणी करावी लागते. गॅस कंपनीच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून ती घरबसल्या, फुकट होते. त्यांच्याकडे स्मार्टफोन नसेल तर तुमचा आहे ना!

वॉचमन, हाउसकीपिंग, डिलिव्हरीवाले : गॅस कुठून भरता, एवढं विचारा. सुटा भरत असतील, तर बाईच्या नावाने उज्ज्वलाचा अर्ज आणि स्वयंघोषणा भरून द्या. जवळच्या एजन्सीत फॉर्म मिळतो, ऑनलाइनही भरता येतो.

खाडा : आणि हो, या कामासाठी कोणी एक दिवस सुट्टी मागितली, तर त्या दिवसाचे पैसे कापू नका. ही मदत देण्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही.